पाणी न धरणारे मेम्ब्रेन आणि वायूंचे शुद्धीकरण : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात बायोगॅसपासून वाहनांचे इंधन तयार करण्याविषयी जे टिपण आले होते, त्यात पोकळ तंतूंच्या मेम्ब्रेनचा उल्लेख दोन-तीन वाक्यांतच उरकला होता. बायोगॅस आणि पाणी यांच्यामध्ये पाणी न धरणाऱ्या प्लॅस्टिकची सच्छिद्र भिंत ठेवली, की कार्बन डायऑक्साइड पलीकडच्या पाण्यात विरघळतो आणि मिथेन अलीकडे राहतो, एवढेच तेथे म्हटले होते. त्यावर पुणे आणि परिसरातून आलेल्या पत्रांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्यावर चालणारा छोटा बायोगॅस प्रकल्प आहे. बायोगॅस पाण्याने धुऊन शुद्ध करतात, असे आम्ही ऐकले होते. मग मेम्ब्रेन मात्र पाणी न धरणारे कशासाठी हवे? सगळे काम पाण्यानेच व्हायचे असेल, तर पाण्याला दूर ठेवणारा पृष्ठभाग मध्ये घालून काय साधते? आणि आमच्यासारख्यांनी असा संच घ्यावा का? (एक वाचक, बाणेर)

उत्तर : आपण विषयाच्या मर्मावरच बोट ठेवले आहे, कारण या तंत्राविषयीचा बहुतेक गोंधळ याच ठिकाणी होतो. मेम्ब्रेन म्हटले की घरातल्या आरओ यंत्राप्रमाणे एक पदार्थ अडवणारी आणि दुसरा जाऊ देणारी गाळणी आपल्या डोळ्यांसमोर येते. येथे तसे घडत नाही. या तंतूंच्या भिंतीतील छिद्रे साधारण ०.०३ ते ०.२ मायक्रॉन रुंद असतात. कार्बन डायऑक्साइडचा रेणू सुमारे ०.३३ नॅनोमीटरचा आणि मिथेनचा सुमारे ०.३८ नॅनोमीटरचा, म्हणजे छिद्राच्या मानाने दोन्ही अतिशय लहान असल्यामुळे दोन्ही वायू त्यांतून बिनदिक्कत ये-जा करतात. निवड करते ते पाणी. २५ अंश सेल्सिअस तापमानाला आणि वातावरणाच्या दाबाला १ लिटर पाण्यात सुमारे ०.८ लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळतो, मिथेन मात्र जेमतेम ०.०३ लिटर विरघळतो. हायड्रोजन सल्फाइड तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे तिप्पट विरघळतो, त्यामुळे तोही याच वाटेने जातो.

मेम्ब्रेनकडे जे काम उरते ते वायू आणि पाणी यांच्यातील सीमा स्थिर ठेवण्याचे, आणि ती सीमा थोड्या जागेत खूप मोठी करण्याचे. पारंपरिक धुलाई-मनोऱ्यात, म्हणजे स्क्रबरमध्ये, वरून पाणी आणि खालून वायू सोडतात आणि मधल्या जागेत प्लॅस्टिकच्या कड्या भरलेल्या असतात. वायू जोराने सोडला तर पाणी वरच तुंबते, पाणी कमी पडले तर कड्यांचा मोठा भाग कोरडा राहतो, आणि फेस धरला तर मनोरा चालवणे अवघड होऊन बसते. एक घनमीटर कड्यांमध्ये वायू आणि पाणी यांची गाठ पडण्यासाठी साधारण १०० ते ३०० चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. पोकळ तंतूंच्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे अनेक तंतू एकत्र बांधून कवचात बसवलेल्या संचात, तेवढ्याच जागेत हजार ते काही हजार चौरस मीटर मिळतात आणि वायूचा व पाण्याचा वेग एकमेकांची अडचण न होता कमी-जास्त करता येतो. ची आणि कसलर यांनी १९८५ मध्ये सूक्ष्मछिद्री पोकळ तंतूंतून वायू शोषून घेण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हापासून या कल्पनेवर गांभीर्याने काम सुरू झाले.

आता पाणी न धरण्याच्या गुणाकडे येऊ. तंतूंच्या एका बाजूने वायू आणि दुसऱ्या बाजूने पाणी वाहत असते. भिंतीचे प्लॅस्टिक पाण्याला जवळ करत नसेल, तर पाणी छिद्राच्या तोंडाशी थांबते आणि छिद्रात वायू भरलेला राहतो. कार्बन डायऑक्साइड त्या वायूतून झपाट्याने पलीकडे जातो. तीच भिंत पाणी धरणारी असेल, तर छिद्रात पाणी भरते आणि ते वाहत नाही, तेथेच साचून राहते. पाण्यातून कार्बन डायऑक्साइड पसरण्याचा वेग वायूतून पसरण्याच्या वेगाच्या सुमारे दहा हजारांश असतो. भिंतीची जाडी बदललेली नसते, छिद्रांची संख्याही तीच असते, तरी केवळ छिद्रे ओली झाल्याने वाट जवळजवळ बंद होते. कोरडे छिद्र हीच या तंत्राची सगळी मिळकत आहे, आणि पुढच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे याच एका गोष्टीवर अवलंबून आहेत.

सेल्युलोज ॲसिटेट किंवा पॉलिइमाइड यांचे जे मेम्ब्रेन नैसर्गिक वायूच्या शुद्धीकरणासाठी वापरतात, ते या प्रकारात मोडत नाहीत. त्यांचा कार्यकारी थर सलग असतो, त्यात आरपार छिद्रे नसतात आणि पलीकडे पाणीही नसते. तेथे निवड खरोखरच मेम्ब्रेन करते. विक्रेत्याशी बोलताना दोहोंपैकी कोणता प्रकार आहे, हे आधी विचारून घ्यावे.

आपल्या सोसायटीपुरते सांगायचे, तर असा संच घेऊ नये. सुमारे १०० किलो ओल्या कचऱ्यातून दिवसाला ८ ते १० घनमीटर गॅस मिळतो आणि त्यातील ५५ ते ६० टक्के मिथेन शेगडीसाठी पुरेसा असतो. डॉ. आनंद कर्वे यांच्या पुण्यातील ‘आरती’ या संस्थेने उरलेल्या अन्नावर चालणारा जो घरगुती संच तयार केला आणि ज्यासाठी संस्थेला २००६ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला, त्यातील गॅसही कार्बन डायऑक्साइड न काढता थेट शेगडीत जातो. आपल्याला लोह ऑक्साइडची गाळणी लावून हायड्रोजन सल्फाइड काढावा लागेल आणि नळीच्या सखल भागात साचणारे पाणी सोडण्याची सोय करावी लागेल. शेगडीही बायोगॅसच्या जेटची हवी. कार्बन डायऑक्साइड काढण्याचा खटाटोप गॅस सिलिंडरमध्ये भरून वाहनासाठी विकायचा असेल तेव्हाच करावा, कारण मग आयएस १६०८७ : २०१६ या मानकाप्रमाणे किमान ९० टक्के मिथेन, कमाल ४ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि एकूण गंधक घनमीटरमागे २० मिलिग्रॅमच्या आत, अशा अटी पाळाव्या लागतात. पाण्याचा हिशेबही डोळ्यांसमोर ठेवावा. १०० घनमीटर बायोगॅसमधील ४० घनमीटर कार्बन डायऑक्साइड वातावरणाच्या दाबाला नुसत्या पाण्याने काढायचा, तर आदर्श स्थितीतही सुमारे १२० घनमीटर पाणी फिरवावे लागते, म्हणजे आपल्याकडच्या दहा हजार लिटरच्या बारा टँकरइतके. दाब ८ बारपर्यंत (१ बार म्हणजे साधारण वातावरणाचा दाब) वाढवला तर हाच आकडा १५ घनमीटरवर येतो. हे पाणी पुन्हा वापरता येते, पण दाब वाढवण्यासाठी कॉम्प्रेसर आणि तो चालवणारा जाणकार माणूस लागतो.

प्रश्न : मी रासायनिक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी वाचताना १५० अंशांहून अधिक स्पर्शकोन असलेली ‘अतिजलद्वेषी’ मेम्ब्रेन सर्वोत्तम असल्याचे सगळीकडे दिसते. स्पर्शकोन जितका मोठा तितके मेम्ब्रेन चांगले, असे धरून चालावे का? (एक विद्यार्थिनी, कोथरूड)

उत्तर : असे धरून चालू नये, आणि त्याचे कारण आपल्या प्रकल्पाच्या अहवालात सविस्तर यावे असे मनापासून वाटते.

थेंबाची कड पृष्ठभागाला जेथे टेकते तेथे पाण्याच्या आतल्या बाजूने जो कोन होतो, तो स्पर्शकोन. थॉमस यंग यांनी १८०५ मध्ये तो पृष्ठताणाशी जोडून दाखवला. सपाट पॉलिप्रॉपिलीनवर तो शंभर अंशांच्या किंचित वर आणि पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉनवर, ११० अंशांच्या आसपास असतो. फ्लोरिनयुक्त रेणूंचा उत्तमोत्तम थर गुळगुळीत पृष्ठभागावर दिला तरी तो १२० अंशांच्या फारसा पुढे जात नाही. त्यावरचे सगळे अंश खडबडीतपणातून येतात. वेन्झेल यांनी १९३६ मध्ये खडबडीतपणामुळे कोन कसा बदलतो ते मांडले, आणि कॅसी व बॅक्स्टर यांनी १९४४ मध्ये थेंबाखाली हवा अडकून राहिली तर काय होते ते मांडले.

हे सगळे अळूच्या पानावर पाहता येते. त्याच्या पृष्ठभागावर अतिशय बारीक उंचवटे आणि त्यांवर मेणाचा थर असतो. उंचवट्यांच्या मधली हवा अडकून राहते, म्हणून थेंब जवळजवळ पूर्ण गोल होऊन घरंगळतो. आता तेच पान पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवून तिरक्या नजरेने पाहा. पान चंदेरी दिसते. ती चमक अडकलेल्या हवेच्या थराची असते. पान खोल पाण्यात बराच काळ दाबून ठेवले, तर ती हवा हळूहळू पाण्यात विरघळते आणि चमक ठिकठिकाणी विझू लागते. भांडी घासण्याच्या द्रावाचे चार थेंब बादलीत टाकले, तर पान पाहता पाहता ओले होते. त्याच पानावर कोरड्या हवेत मोजलेला स्पर्शकोन १५० अंशांच्या वर होता, पण दाब, काळ आणि पाण्यात मिसळलेला पदार्थ यांच्यापुढे त्या आकड्याचा आधार पुरला नाही.

मेम्ब्रेनची परीक्षा बादलीतल्या या पानासारखी होते. तेथे मोजायची राशी म्हणजे द्रव छिद्रात घुसण्यासाठी लागणारा दाब. पृष्ठताणाची चौपट घ्यावी, तिला स्पर्शकोनाच्या कोसाइनच्या मूल्याने गुणावे, चिन्ह सोडून द्यावे, आणि सर्वांत मोठ्या छिद्राच्या व्यासाने भागावे. पाण्याचा पृष्ठताण मीटरला ०.०७२ न्यूटन, कोन ११० अंश आणि व्यास ०.२ मायक्रॉन घेतला तर सुमारे ५ बार येतात. कोन तोच ठेवून व्यास १ मायक्रॉन केला की १ बारच उरतो. म्हणजे गुळगुळीत टेफ्लॉनइतकाच कोन असलेले, पण बारीक आणि एकसारख्या छिद्रांचे मेम्ब्रेन भरवशाचे ठरते. मोठा स्पर्शकोन असलेल्या मेम्ब्रेनमध्ये थोडी जरी मोठी छिद्रे असली तरी पाणी तेथूनच शिरते.

या सूत्रात १५० अंश घालून लोक मोठा दाब काढतात, तेथे आणखी एक घोटाळा होतो. सूत्रातील कोन छिद्राच्या आतल्या भिंतीचा आहे. वरून मोजलेल्या १५० अंशांत बाहेरच्या चेहऱ्याचा खडबडीतपणा मिसळलेला असतो. सिलिकाचे नॅनोकण आणि फ्लोरोसिलेन यांचा थर केवळ बाहेरून चढवला असेल, तर छिद्राच्या आतली भिंत मूळ प्लॅस्टिकचीच राहते आणि एकदा द्रव तोंडातून आत शिरला की बाहेरचा थर त्याला रोखू शकत नाही. प्लाझ्माची, म्हणजे विद्युतभारित वायूची, प्रक्रिया आतपर्यंत पोहोचते का, की वरच्या थोड्याच जाडीत थांबते, हा प्रश्नही यासाठीच महत्त्वाचा आहे.

शिवाय ही मोजमापे बहुतेकदा शुद्ध पाण्याने केलेली असतात, आणि कारखान्यात वाहणारा द्रव शुद्ध पाणी नसतो. समजा, द्रवाचा पृष्ठताण ०.०५० आणि त्याचा त्याच प्लॅस्टिकवरचा कोन ९५ अंश असेल, तर ०.२ मायक्रॉनच्या छिद्रासाठी दाब ५ बारवरून ०.९ बारच्याही खाली येतो. कोन ९० अंशांच्या खाली गेला तर दाबाचीही गरज उरत नाही, द्रव आपणहून आत जातो. आपल्या अहवालात स्पर्शकोनाबरोबर सर्वांत मोठ्या छिद्राचा व्यास, प्रत्यक्ष वापरायच्या द्रवाने मोजलेला प्रवेशदाब, आणि त्याच द्रवात काही आठवडे बुडवून ठेवल्यानंतर पुन्हा मोजलेले हेच आकडे द्यावेत. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉलिमरवर १९५० पासूनच्या वाटचालीत मोठे काम झाले आहे. आपल्या विभागामार्फत तेथील शास्त्रज्ञांशी बोलता आले तर अवश्य बोलावे.

प्रश्न : मी दौंड तालुक्यातील एका डिस्टिलरीत देखभाल विभागात आहे. स्पेंट वॉशच्या (मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याच्या) बायोगॅससाठी चाचणी म्हणून बसवलेले पॉलिप्रॉपिलीनचे मॉड्यूल अमाइन या कार्बन डायऑक्साइड शोषून घेणाऱ्या रसायनाच्या द्रावणावर सुरुवातीला उत्तम चालले. नंतर बाहेर येणाऱ्या वायूतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू वाढत गेला. कोठेही गळती नाही, तंतू तुटलेले नाहीत. पुरवठादार म्हणतात, मॉड्यूल बदला. ते खरोखर निकामी झाले असेल का? (एक वाचक, दौंड)

उत्तर : गळती नसताना हळूहळू घसरण होणे, हे छिद्रे ओली होत गेल्याचे नेहमीचे लक्षण आहे. सगळी छिद्रे भरावी लागत नाहीत. थोड्या छिद्रांत द्रव साचला तरी एकूण कामगिरीवर मोठा परिणाम होतो, हे पहिल्या उत्तरातील दहा हजारांशाच्या हिशेबावरून लक्षात येईल. मॉड्यूल बदलण्याआधी कारण शोधावे, कारण कारण तसेच राहिले तर नवे मॉड्यूलही त्याच मार्गाने जाईल.

पहिला संशय तेल आणि फेसरोधक यांच्यावर घ्यावा. पाणी न धरणारा पृष्ठभाग तेल मात्र आनंदाने धरतो. कॉम्प्रेसरच्या तेलाचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहूनही कमी असल्याने ते पॉलिप्रॉपिलीनवर पसरते, छिद्रात शिरते आणि आपल्या मागून अमाइनलाही वाट करून देते. डिस्टिलरीत फेस बसवण्यासाठी वापरलेल्या द्रव्यांचे अंश वायूबरोबर तुषारांच्या रूपाने पुढे येऊ शकतात. मॉड्यूलच्या आधी तुषार पकडणारी चांगली गाळणी आहे का, आणि तिचा निचरा शेवटचा कधी तपासला, हे आधी पाहावे. निचऱ्याचे पाणी काचेच्या बाटलीत धरून उजेडात पाहिले तर वरचा तेलकट पापुद्रा सहज दिसतो.

दुसरे कारण खुद्द अमाइन आहे. त्याच्या द्रावणाचा पृष्ठताण पाण्यापेक्षा कमी असतो, आणि दीर्घ संपर्काने पॉलिप्रॉपिलीनच्या छिद्रांचा आकार बदलतो असेही आढळून आले आहे. यावर उपाय म्हणून ग्लायसीनसारख्या अमिनो आम्लांच्या पोटॅशियम क्षारांची द्रावणे वापरून पाहिली गेली आहेत. त्यांचा पृष्ठताण पाण्यापेक्षा किंचित जास्त असतो, म्हणून पॉलिप्रॉपिलीनबरोबर ती अधिक काळ टिकतात. अमाइनच ठेवायचे असेल तर पीटीएफईचे मेम्ब्रेन हा पर्याय आहे, पण ते महाग पडते. नॉर्वेच्या क्व्हेर्नर कंपनीने १९९० च्या दशकात वायूमधील कार्बन डायऑक्साइड काढण्यासाठी गोअर कंपनीच्या पीटीएफईचा मार्ग निवडला होता.

तिसरे कारण दाबाचे, आणि हे तुमच्या हातात सर्वांत जास्त आहे. द्रवाचा दाब वायूपेक्षा थोडासा जास्त ठेवतात, नाही तर वायू बुडबुड्यांच्या रूपाने द्रवात जातो आणि मिथेन वाया जातो. हा फरक छोटा असला तरच ठीक. संच सुरू किंवा बंद करताना वायूची बाजू रिकामी आणि द्रवाचा पंप पूर्ण दाबाने चालू, असे काही मिनिटे जरी झाले, तर प्रवेशदाब ओलांडला जाऊन छिद्रे भरू शकतात. दोन्ही बाजूंचे दाब टप्प्याटप्प्याने बरोबरीने वाढवावेत आणि तसेच उतरवावेत. वीज गेल्यावर नेमके काय घडते, याची नोंद पाहावी. बऱ्याच ठिकाणी दोष तेथेच सापडेल.

चौथे कारण दवाचे. ३५ अंशांना पाण्याने पूर्ण भरलेल्या वायूच्या एका घनमीटरमध्ये सुमारे ४० ग्रॅम वाफ असते, तर २० अंशांना १७ ग्रॅम. हिवाळ्याच्या रात्री पाइप उघड्यावर असेल, तर उरलेले पाणी तंतूंच्या आतच जमते. त्यासाठी पाइपवर आवरण घालावे आणि द्रवाचे तापमान वायूच्या तापमानाच्या खाली फार जाऊ देऊ नये.

आता सुधारणेविषयी. द्रव काढून, स्वच्छ पाण्याने धुऊन, निर्मात्याने सांगितलेल्या तापमानाच्या मर्यादेत कोमट कोरड्या नायट्रोजनने मॉड्यूल पूर्ण वाळवावे आणि पुन्हा चालवून पाहावे. कामगिरी पूर्ववत झाली आणि टिकली, तर दोष दाबाचा किंवा दवाचा होता. ती पूर्ववत होऊन थोड्याच वेळात पुन्हा घसरली, तर पृष्ठभाग तेलाने किंवा अमाइनने बदललेला आहे, आणि मग पुरवठादारांचे म्हणणे मान्य करावे लागेल. वाळवण्यासाठी हवा वापरू नये, कारण हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असला की मिश्रण स्फोटक होते. स्पेंट वॉशच्या बायोगॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड टक्क्यांच्या घरात असू शकतो. तो १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १०० भाग) आसपास असतानाच नाक बधिर करतो आणि हजार पीपीएमच्या पुढे काही क्षणांत प्राण घेतो. वास येत नाही म्हणजे वायू नाही, असे समजून कोणीही मॉड्यूल उघडू नये. अंगावर वायुदर्शक यंत्र लावूनच आणि दुसरा माणूस जवळ असतानाच हे काम करावे.

प्रश्न : पाणी न धरणाऱ्या मेम्ब्रेनमधून आलेला वायू कोरडाही असतो का? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : नसतो. छिद्रातून द्रवरूप पाणी जात नाही, वाफ मात्र मुक्तपणे जाते, त्यामुळे वायू उलट पाण्याच्या वाफेने पूर्ण भरून बाहेर येतो. सिलिंडरमध्ये भरण्याआधी शोषकाच्या साहाय्याने तो वेगळा वाळवावाच लागतो.

प्रश्न : मी अनेक वर्षे हृदयशस्त्रक्रियेच्या विभागात परिचारिका होते. तेथील ऑक्सिजनेटरमध्येही पोकळ तंतू असत. आपण लिहिलेले मेम्ब्रेन तेच का? (एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : होय, तत्त्व तेच आहे, आणि आपल्या प्रश्नामुळे या विषयाचा एक अतिशय महत्त्वाचा पुरावा समोर आला. ऑक्सिजनेटरमध्ये तंतूंच्या आतून ऑक्सिजन आणि बाहेरून रक्त वाहते. ऑक्सिजन रक्तात जातो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. अनेक वर्षे त्यासाठी सूक्ष्मछिद्री पॉलिप्रॉपिलीनच वापरले गेले आणि काही तासांच्या शस्त्रक्रियेसाठी ते चांगले काम देते. तोच संच दीर्घकाळ चालवला, की वायूच्या बाजूने पिवळसर द्रव झिरपताना दिसतो. तो रक्तातला द्रव, म्हणजे रक्ताचा प्लाझ्मा असतो. रक्तातील फॉस्फोलिपिडे छिद्राच्या भिंतीवर बसतात, तिचा पाणी नाकारण्याचा गुण कमी करतात, आणि मग प्लाझ्मा आत शिरतो. दौंडच्या वाचकांच्या मॉड्यूलमध्ये तेल जे करू शकते, तेच येथे रक्तातील मेद करतो. म्हणून एक्मोसारख्या, दिवसेंदिवस चालणाऱ्या उपचारांत पॉलिमिथिलपेंटीनचे तंतू वापरतात. त्यांच्या बाहेरच्या बाजूला अतिशय पातळ, सलग त्वचा असते. तिच्यातून ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड आरपार जातात, पण द्रवाला शिरण्यासाठी छिद्रच उरत नाही. वायुशुद्धीकरणाच्या मॉड्यूलमध्येही सच्छिद्र तंतूवर अशी पातळ त्वचा देण्याचा उपाय करतात. त्यात वेग थोडा कमी होतो, पण छिद्रे कोरडी राहण्याची खात्री वाढते, आणि माझ्या मते मळकट वायूसाठी हा सौदा बहुधा फायद्याचा ठरतो.

प्रश्न : पाणी न धरणाऱ्या वस्तूंमधील फ्लोरिनची रसायने पाण्यात आणि शरीरात साठून राहतात, असे वाचले. पर्यावरणासाठी गॅस शुद्ध करायचा आणि त्यासाठी अशी रसायने वापरायची, हे योग्य आहे का? (एक वाचक, पिंपळे सौदागर)

उत्तर : आपली काळजी साधार आहे. पीफास या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मोठ्या कुटुंबातील पीएफओएस हे रसायन २००९ मध्ये आणि पीएफओए २०१९ मध्ये, दीर्घकाळ टिकणाऱ्या घातक प्रदूषकांविषयीच्या स्टॉकहोम कराराच्या यादीत आले. डेन्मार्क, जर्मनी, नेदरलँड्स, नॉर्वे आणि स्वीडन यांनी मांडलेला या संपूर्ण कुटुंबावर निर्बंध घालण्याचा प्रस्ताव युरोपच्या रसायन संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केला, आणि त्याच्या व्याख्येत पीटीएफई व पीव्हीडीएफ हे पॉलिमरही येतात. घट्ट पॉलिमर आणि पाण्यात विरघळणारे लहान रेणू यांचे वर्तन सारखे नसते, हे खरे आहे, पण पॉलिमर तयार करताना आणि शेवटी जाळताना काय बाहेर पडते, हा प्रश्न उरतोच. फ्लोरोसिलेनचे वरून चढवलेले थर झिजून द्रवात मिसळू शकतात, म्हणून ते मला अधिक काळजीचे वाटतात.

सुदैवाने नुसत्या पाण्याने धुण्यासाठी फ्लोरिनची मुळीच गरज नाही. पॉलिप्रॉपिलीनमध्ये फक्त कार्बन आणि हायड्रोजन असतात, आणि छिद्रे बारीक व एकसारखी असतील तर त्याचा शंभर अंशांच्या वरचा साधा कोन पुरेसा होतो. त्याहून जास्त हवे असेल तर मिथिल गट असलेल्या सिलिकॉनचे थर उपलब्ध आहेत. तेल येऊ न देणे आणि दाब सांभाळणे एवढे केले, तर महागड्या थराची गरज बऱ्याच ठिकाणी पडणार नाही.

प्रश्न : शाळेच्या प्रयोगशाळेत स्पर्शकोन मोजता येईल का? (एक शिक्षक, वारजे)

उत्तर : चांगल्या प्रकारे येईल. नळजोडणीची पांढरी टेफ्लॉन टेप काचपट्टीवर सुरकुती न पाडता ताणून बसवावी, आणि दुसऱ्या पट्टीवर फाइलच्या पॉलिप्रॉपिलीन कव्हरचा तुकडा चिकटवावा. शिक्षकांनी स्वतः इन्शुलिनच्या सिरिंजने जमेल तेवढा लहान थेंब ठेवावा. थेंब मोठा असला तर गुरुत्वाकर्षणाने चपटा होतो आणि कोन चुकतो. टेकलेल्या भागाची रुंदी २ ते ३ मिलिमीटरच्या आत ठेवावी. मोबाइल पट्टीच्या पातळीत आडवा धरून, थेंबाच्या मागे पांढरा कागद आणि दिवा ठेवून छायाचित्र घ्यावे. छायाचित्रावर थेंबाची उंची आणि पृष्ठभागाला टेकलेल्या भागाची रुंदी मोजावी. येथे मुले थेंबाची सर्वांत जास्त रुंदी मोजतात, ती घेऊ नये. उंचीच्या दुपटीला टेकलेल्या रुंदीने भागले की अर्ध्या कोनाचा टॅन मिळतो. रुंदी २ मिलिमीटर आणि उंची १.५ मिलिमीटर असेल तर भागाकार १.५ येतो, म्हणजे अर्धा कोन सुमारे ५६ अंश आणि स्पर्शकोन सुमारे ११३ अंश.

त्यानंतर सुई थेंबातच ठेवून पाणी हळूहळू परत ओढावे आणि थेंब आक्रसू लागतानाचा कोन मोजावा. तो आधीच्या कोनापेक्षा कमी भरतो, आणि हा फरक जितका जास्त तितके पाणी त्या पृष्ठभागाला चिकटून राहते. शेवटी कपभर पाण्यात भांडी घासण्याच्या द्रावाचा एक थेंब मिसळून सगळी मोजणी पुन्हा करावी आणि दोन्ही तक्ते शेजारी शेजारी लावावेत. मुलांनी पाठवलेले तक्ते या सदरात छापायला आम्हाला आवडेल.